चिखलात हात द्यायचा नसतो

माझ्या माहेरी चार पाहुणे जमले की ती गोष्ट निघतेच. पोरीनं काय डोकं चालवलं, सासऱ्याला कसं भिववून वाचवलं, हे मी नसताना सांगतात आणि मी असले तर माझ्याकडे बघत बघत सांगतात. मी चहा टाकायला उठते. लोकांना वाटतं, हिला कौतुक सोसत नाही. वाटू दे. त्या मचव्यावर, म्हणजे काकांच्या मोठ्या होडीवर, आम्ही पाच जण होतो, आणि त्या दुपारी काय झालं ते सांगणारी आता मीच एक उरले आहे. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

माझं माहेर पेणजवळ, धरमतरच्या खाडीकाठी. आम्ही मिठागरातली माणसं. सासर रोह्याकडचं, कोलाडवरून आत गेलं की लागतं ते गाव. तिथे पावसाळ्यात भात आणि भात काढलं की त्याच ओलीवर वाल. अंतर म्हणाल तर एसटीने अर्ध्या दिवसाचंही नाही, पण लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडच्यांनी एकमेकांकडे असं पाहिलं की जणू परमुलखातलं स्थळ आहे. सासऱ्यांनी तर भर मांडवात विचारलं होतं, "खारेपाटात प्यायला पानी मिळतं का हो, का तेबी खारंच पिता?" सगळे हसले. माझे बाबा हसले नाहीत. प्यायच्या पाण्याचे आमच्याकडे खरोखरच हाल होते, आणि खऱ्या गोष्टीवरून कुणी हसलं की माणसाच्या नाकाला जास्त मिरच्या झोंबतात.

तेव्हापासून बाबांच्या डोक्यात एकच होतं, व्याह्यांना खाडी दाखवायची. नुसता चिखल आणि मीठ नाही, सगळी खाडी, पार तोंडापर्यंत, आणि तिथून बाहेर समुद्रातली बेटंसुद्धा. माझ्या काकांचा, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाचा, मिठाची वाहतूक करणारा मचवा होता. नुकतंच त्याला इंजिन बसवलं होतं. वैशाखात शेवटची खेप टाकून झाली की पावसाळ्यासाठी मचवा किनाऱ्यावर ओढून ठेवायचे. ओढण्याआधी दोन दिवसांची फेरी करायची असं ठरलं. लग्नाला वर्ष होत आलं होतं. निरोप गेला आणि सासू-सासरे आले. माझे मालक आले नाहीत. शेतात भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा राहिला होता आणि तो सोडून मौजेला जाणारा माणूस आमच्या सासरी अजून जन्माला यायचा आहे.

आमच्याकडे सुनेने सासऱ्याला मामा म्हणायचं आणि सासूला आत्या. म्हणायचं, पण बोलायचं नाही. निदान पहिली काही वर्षं तरी नाही. मामा माझ्याशी थेट एक शब्द बोलत नसत. मी समोर उभी असले तरी आत्यांना म्हणत, "तिला सांग, पानी आन." मीही तसंच. मला तोंड नव्हतं अशातला भाग नाही. माझं तोंड फार होतं, माहेरी सगळी वैतागलेली असत. पण सासरी मी वर्षभर ते दाबून धरलं होतं आणि आतून खदखदत होते.

पहिला दिवस इतका चांगला गेला की मला अजून त्याचा राग येतो. नवमी होती. सकाळी आठच्या सुमाराला भरतीचं पाणी फिरलं आणि ओहोटीबरोबर आम्ही धरमतरहून निघालो. दोन्हीकडे तिवरांची झाडं, त्यामागे मिठाचे पांढरे ढीग. पुढे खाडी रुंदावत गेली, रेवसच्या पुढे वारा अंगावर आला, आणि मांडव्याला वळसा घालून दुपारी आम्ही खांदेरी-उंदेरीच्या मधल्या पाण्यात पोचलो. काकांनी बेटाकडे तोंड करून नारळ सोडला. मामा मचव्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून बसले होते. आयुष्यात त्यांनी गावाकडच्या कुंडलिका नदीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं. एकदा मात्र त्यांनी हात सोडला, टोपी काढली आणि बेटाला नमस्कार केला. मग बाबांना म्हणाले, "व्याही, हे आमच्याकडं नाय." बाबांची छाती एवढी फुगली की मला वाटलं, आता बंडीची बटणं तुटतात.

रात्री थळच्या बाजूला, वारा लागणार नाही अशा जागी नांगर टाकून झोपलो. सकाळी लवकर परत फिरलो. दहा वाजायच्या सुमारास पुन्हा खाडीच्या तोंडाशी आलो. ओहोटी अजून जोरात बाहेर येत होती आणि तिच्या उलट वर चढायचं म्हणजे नुसतं तेल जाळणं. भरतीची वाट पाहायला हवी होती. काकांचं मत होतं की मधल्या खोल पाण्यातच नांगर टाकून थांबावं. तिथे सावली नव्हती आणि मचवा हलत होता. आत्यांना आदल्या दिवसापासून बोट लागली होती, पोटात काही ठरत नव्हतं. बाबांनी तोंडाजवळच्या एका तिवराच्या बेटाकडे बोट दाखवलं. बेट आणि किनारा यांच्यामध्ये अरुंद पाणी होतं, तळ्यासारखं शांत, कडेला सावली.

"तिकडं घाल," बाबा म्हणाले. "बारापर्यंत पानी हाय. रांधून जेवू, मग भायेर निघू."

काका घुटमळले. "दादा, इथं पानी लवकर उतरतं. आपल्या उघाडीवानी नाय थांबत."

"मना पानी शिकवतंस?" बाबा म्हणाले.

आता हे बाबांचं पाणी काय होतं ते सांगते. मिठागराच्या बांधाला पाणी आत घ्यायचं दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. आमच्या उघाडीवर बाबा तीस वर्षं होते. घड्याळ नसायचं, कोष्टक नसायचं. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तितके वाजता समुद्राची भरती भरते. दहावी तिथी असेल तर साडेसात. पण आमची उघाडी खाडीत फार आत. पाणी चढत चढत तिथवर यायला वेळ लागतो, म्हणून बाबा त्यात सव्वा तास मिळवायचे. तीस वर्षं रोज मिळवायचे. आता आम्ही खाडीच्या तोंडाशी होतो, तिथे मिळवायचं काहीच नव्हतं, आणि बाबांनी सवयीने सव्वा तास मिळवला. काकांना ते कळलं होतं. पण थोरल्या भावाला व्याह्यांच्या देखत दुसऱ्यांदा अडवायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी सुकाणू वळवलं.

मी चूल पेटवत होते. तांदूळ धुतले, कोळंबी सोलून ठेवली होती. अकराच्या आतच खालून एक घासल्यासारखा आवाज आला. काका उडी मारून इंजिनाकडे धावले. मागे चिखल उसळला, मचवा हललाही नाही. त्यांनी आणि बाबांनी बांबू रोवून ढकलून पाहिलं. पाणी डोळ्यांदेखत निघून चाललं होतं. रिकामा मचवा, त्याचं बूड गोल. थोड्या वेळाने तो हळूहळू एका अंगावर कलायला लागला आणि मग एकदम कलला. चुलीवरचा भात सांडला. प्यायच्या पाण्याचा मोठा माठ घरंगळला, कठड्यावर आपटला आणि फुटला. दुसरा छोटा होता, तो आदल्या रात्रीच संपला होता.

बाबा तोंड फिरवून बसले. मी तळाशी साचलेलं पाणी वाटीने गोळा करायला गेले, पण त्यात तेल आणि मीठ मिसळलं होतं.

साडेबारा, एक. वर छप्पर नाही, सावलीची जागा मचवा कलल्यामुळे उलट्या बाजूला, चिखलावर गेलेली. पाणी हटलं होतं आणि आजूबाजूला नुसता काळा चकचकीत चिखल तापून वास सोडत होता. आत्यांना सकाळपासून तीन वेळा उलटी झाली होती. त्यांचे ओठ पांढरे पडले. "माझं डोकं गरगरतंय गो," एवढंच त्या म्हणाल्या आणि माझ्या मांडीवर आडव्या झाल्या. मी पदर भिजवून त्यांच्या कपाळावर ठेवला, तोही खाऱ्या पाण्यातच.

समोर किनाऱ्यावर बांध दिसत होता, बांधावर एक झोपडी, आणि झोपडीच्या दारात पाण्याचं पिंप. आम्ही हाका मारल्या. कुणी नव्हतं. अंतर म्हणाल तर एका शेताच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत.

मामा ते अंतर डोळ्यांनी मोजत होते. मग त्यांनी धोतर वर खोचलं, कळशी उचलली.

"कुठं चालले?" काकांनी विचारलं.

"पानी आनतो."

"व्याही, नका उतरू. हा चिखल खोटा हाय."

मामा हसले. त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांना आपल्या हातची गोष्ट सापडली होती. "चिखलात जन्म गेला आमचा. चिखल आमाला नवा हाय का?" असं म्हणून ते कलत्या बाजूने खाली उतरले.

त्यांचं म्हणणं त्यांच्यापुरतं खरं होतं. भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात नांगरामागे दिवसभर चालणारा माणूस तो. पण खाचराच्या चिखलाला खाली कठीण जमीन असते. एक पाय रोवायचा, त्यावर जोर द्यायचा, दुसरा उपसायचा. खाडीच्या चिखलाला खाली काही नसतं. तिथे एका पायावर जोर दिला की तो पाय जातो. आमच्याकडे हे चालायला लागायच्या वयात शिकवतात. निवट्या, ते चिखलातले मासे, धरायला आम्ही पोरी चिखलात जायचो ते फळीवर पोटावर झोपून, एका पायाने रेटत. आणि एक गोष्ट आमच्या आईने थोबाडीत मारून शिकवली होती. चिखलात अडकलेल्या माणसाला हात द्यायचा नाही. फळी द्यायची, दोर द्यायचा, हात नाही. तो सोडत नाही.

मामांची वीसेक पावलं बरी गेली. मग जमीन थोडी खोलगट होती तिथे त्यांचा पाय मांडीपर्यंत गेला. त्यांनी सवयीने दुसऱ्यावर जोर दिला, तोही गेला. कळशी बाजूला फेकून त्यांनी दोन्ही हातांनी मांडी धरून उपसायला सुरुवात केली. काका ओरडले, "हालू नका! आडवे व्हा!" मामांनी मागे वळूनही पाहिलं नाही. त्यांना वाटत होतं, आता निघेल. जितकं उपसत होते तितके खाली जात होते. कंबर आली तेव्हा ते थांबले आणि वळून आमच्याकडे पाहिलं. तोपर्यंत हसू गेलं होतं.

बाबांनी उडी टाकली. ते अंगाने जड. चार पावलांत गुडघ्यापर्यंत गेले, काकांनी दोर टाकून त्यांना परत ओढलं. दोर मामांच्या दिशेनेही फेकून पाहिला. तीनदा फेकला. दोर लांब होता, पण मध्येच पडायचा. सुकाणूच्या मागून तेवढ्यात गळगळ आवाज आला. मी पाहिलं. बेटाच्या टोकाकडून पाण्याची एक पातळ जीभ चिखलावरून आत सरकत होती.

पाणी फिरलं होतं. ज्याची आम्ही सकाळपासून वाट पाहिली ती भरती आली होती, आणि मामा सगळ्यात खोल जागी उभे होते.

मचव्यावर एकच फळी होती, मिठाच्या गोणी उतरवताना वापरायची, लांब आणि अरुंद. तिला बाबांचं वजन पेलवलं नसतं, काकांचंही नाही. मी आत्यांचं डोकं मांडीवरून खाली ठेवलं. त्यांनी डोळे उघडले आणि माझा हात धरला. "तेनला आन गो," त्या म्हणाल्या. बस, एवढंच. मी नऊवारीचा काष्टा आवळला. काकांनी दोराचं एक टोक माझ्या कमरेला बांधलं. बाबा माझ्याकडे पाहत नव्हते. गाठ आवळताना काका कानाशी म्हणाले, "हात नको देऊस."

मी पोटावर झोपले आणि रेटत निघाले. लहानपणी हे मी हसत करायची. आता चिखल इतका तापला होता की कोपरं भाजत होती. पाणी माझ्या आधी पोचलं. मी मामांपाशी गेले तेव्हा ते त्यांच्या बरगड्यांपर्यंत आलं होतं. त्यांची टोपी कुठेतरी गेली होती. मी त्यांचं डोकं उघडं असं जवळून कधी पाहिलं नव्हतं.

मी फळीचं टोक त्यांच्या छातीशी नेलं. "मामा, आडवे व्हा. या फळीवर छाती टाका. पाय आपोआप सुटतील."

ते ताठ उभे. ते माझ्याकडे पाहत होते, पण मी काय बोलते ते त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. आडवं होणं म्हणजे बुडणं, हे त्यांच्या अंगात भिनलेलं होतं. पाणी वाढत असताना तोंड खाली कर म्हणून सांगितलेलं कोण ऐकेल?

"आडवे व्हा ना!" मी पुन्हा म्हटलं. मग ओरडले. मग वर्षभर दाबलेलं माझं तोंड सुटलं. "आडवा हो! ऐकू येत नाय का तुला? आडवा हो म्हणतेय ना!" सासऱ्याला मी अरे-तुरे केलं. भर खाडीत, माझ्या बापाच्या आणि काकाच्या देखत.

त्यांनी हात पुढे केला. आणि मी तो धरला. का धरला ते विचाराल तर सांगता येणार नाही. वडीलधारं माणूस हात मागतंय आणि आपण फळी दाखवायची, हे मला तेव्हा जमलं नाही.

त्यांनी मनगट पकडलं आणि ओढलं. शेतकऱ्याचा हात तो. मी फळीवरून अर्धी बाहेर आले, फळी तिरकी झाली, माझा खांदा पाण्यात गेला, मग डोकं. नाकातोंडात चिखल गेला. मी वर आले, त्यांनी दुसऱ्या हाताने माझा दंड धरला. मी "सोडा, सोडा" म्हणत होते. ते सोडत नव्हते. माझ्यावर जोर देऊन ते वर येऊ पाहत होते, अगदी खाचरात एक पाय रोवून दुसरा उपसतात तसे, आणि रोवलेला पाय मी होते. मी पुन्हा खाली गेले.

मग मी त्यांच्या हाताला चावले. अंगठ्याच्या मुळाशी, जोर लावून, रक्ताची चव येईपर्यंत. दोन्ही हात सुटले.

फळी जवळच तरंगत होती. मी तिच्यावर छाती टाकली, धाप लागली होती, ओकारी येत होती. मी त्यांच्याकडे पाहिलं. पाणी त्यांच्या काखेपर्यंत आलं होतं. मी फळी वळवली. मचव्याच्या दिशेने तोंड केलं आणि रेटायला लागले.

आता इथे लोक काय सांगतात ते सांगते. लोक सांगतात, पोरीनं बघितलं की म्हातारा ऐकत नाही, तेव्हा तिनं युक्ती केली. निघून चालल्याचं सोंग केलं. एकटं पडायच्या भीतीनं त्याने स्वतःहून उडी घेतली. मचव्यावरून काकांना तसंच दिसलं असणार आणि त्यांनीच ते पहिल्यांदा सांगितलं.

सोंग नव्हतं. मी चालले होते. माझ्या मनात मामा नव्हते, आत्या नव्हत्या, कुणी नव्हतं. मचवा होता. मला त्याच्यावर चढायचं होतं आणि पुन्हा कधी त्या हाताच्या जवळ जायचं नव्हतं. मी एकोणीस वर्षांची होते, पण हे काही मी माफी म्हणून सांगत नाही. नुसतं वय सांगतेय.

"नको जाव गो!" मागून आवाज आला.

मामा मला पहिल्यांदा गो म्हणाले ते तेव्हा. मी थांबले नाही. फळीचं मागचं टोक त्यांच्या समोरून सरकत होतं, आणि त्यांनी सगळं अंग पाण्यावर झोकून दिलं. आडवे झाले. दोन्ही हातांनी फळीचं टोक धरलं. फळीला हिसका बसला. काकांनी ते पाहिलं आणि बोंबलले, "सोडू नको! धरून ठेव!" त्यांनी आणि बाबांनी दोर ओढायला घेतला. दोर माझ्या कमरेला, मी दोन्ही दंडांत फळी आवळलेली, आणि पलीकडे मामा. मला वाटलं, मी मधून तुटणार. मग मागे काहीतरी सुटल्याचं जाणवलं. एक पाय. पुन्हा बराच वेळ काही नाही. मग दुसरा.

आम्हाला वर घेतलं तेव्हा मामा चिखलाने इतके माखले होते की त्यांचे फक्त डोळे दिसत होते. आत्या उठून बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या अंगावरचा चिखल हाताने निपटून काढायला सुरुवात केली, एखाद्या लेकराला न्हाऊ घालावं तसं, आणि मोठ्याने रडायला लागल्या. बाबांनी व्याह्यांचे पाय धरले. "चुकी माजी हाय," ते म्हणाले. "पानी माजं चुकलं." तीस वर्षांत बाबांच्या तोंडून असं वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. मामांनी त्यांना उठवलं. साडेचारच्या सुमारास मचवा तरंगला. वाटेत वाळू घेऊन चाललेल्या एका होडीने आम्हाला पाणी दिलं. आत्या अर्धी कळशी प्यायल्या.

धरमतरला उतरल्यावर आईने मामांच्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याच्या मुळाशी दातांची रांग उमटली होती, सुजली होती. मी उंबऱ्यात उभी होते. मला वाटलं, झालं. आता हे सांगणार, आणि मला इथेच ठेवून जाणार. सासऱ्याला अरे-तुरे करून त्याच्या हाताला चावलेली सून कोण परत नेईल?

"चिंबोरीनं धरलं," मामा म्हणाले.

आईने त्या खुणेकडे पुन्हा पाहिलं. खेकड्याची नांगी कशी लागते ते तिला कळत नव्हतं असं नाही. तिने हळद आणली.

दुसऱ्या दिवशी मी सासरी गेले. आणि राहिले. काकांची गोष्ट माझ्या आधी रोह्यात पोचली होती. गावातल्या बायका मला बघायला आल्या. कुणी विचारलं तर मामा म्हणायचे, "सुनेनं बरोबर केलं." जास्त नाही, कमी नाही. त्यानंतर ते माझ्याशी थेट बोलायला लागले. मीही बोलू लागले. घरात माझा शब्द चालू लागला. मुलं झाली, त्यांची लग्नं झाली. आत्या गेल्या. आणि दर वेळी ती गोष्ट निघाली की मी चहा टाकायला उठायची.

मामांचं वय झालं तेव्हा त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन पेणला केलं. महिन्याने दाखवायला मी त्यांना घेऊन गेले. परत येताना पेणच्या एसटी स्टँडवर बाकड्यावर बसलो होतो. त्यांनी हिरवा चष्मा लावला होता, त्यामुळे त्यांचे डोळे दिसत नव्हते. कदाचित म्हणूनच मला धीर आला. शेजारी कुणी नव्हतं. मी म्हटलं, "मामा, मी फळी वळवली ना त्या दिवशी, ती काही तुम्हाला भिववायला नाही. मी खरंच चालले होते. तुम्हाला सोडून."

"म्हाईत हाय," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"तवापासून. तोंड दिसत व्हतं ना तुझं."

मला रडू फुटलं. इतकी वर्षं या माणसाने माझ्या हातचं जेवण घेतलं, माझ्यावर घर टाकलं, चारचौघांत मला बरोबर ठरवलं, आणि त्याला सगळं माहीत होतं. मी पदराने तोंड दाबून बसले. स्टँडवरची माणसं बघायला लागली.

"रडतीस कशाला?" मामा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता, उन्हाळा कडक आहे म्हणावं तसा. "मी तरी कुठं सोडीत व्हतो तुला? तू खाली चाललीस ते मला दिसत व्हतं. दोनदा गेलीस. तरी नाय सोडला हात. चावलीस म्हणून सुटला. माझ्या मनात आलेलं, जायाचं तर एकट्यानं कशाला जायाचं." मग चष्मा नीट बसवत म्हणाले, "हे तुझ्या आत्येलाबी कधी बोललो नाय."

मला राग यायला हवा होता. एरवी तो मला फार लवकर येतो. तेव्हा आला नाही. इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही दोघंही एकच लाज झाकत होतो, आणि बाकीच्यांना वाटत होतं की सासरा आणि सून एकमेकांचा फार मान ठेवतात.